पेन्सिलीवर शाई चढवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पेन्सिलीच्या चित्रावर बारीक टोकाच्या पिगमेंट पेनांनी, म्हणजे फाइनलाइनरांनी, शाई कशी चढवावी, याबद्दलचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत. बहुतेकांनी पेनाच्या नावाने बोटं मोडली आहेत. पण दोष पुष्कळदा पेनाचं झाकण उघडण्याआधीच, पेन्सिलीत आणि कागदात, होऊन गेलेला असतो.

प्रश्न: शाई केली तेव्हा रेघ छान काळी होती. तासभर थांबून पेन्सिल पुसली, तर शाईही राखाडी झाली आणि काही ठिकाणी तुटली. पेन नकली असेल का?

उत्तर: पेनावर संशय घेण्याआधी पेन्सिलीकडे बघा. तुमची शाई कागदावर बसलीच नाही, शिशावर बसली. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण. ग्रॅफाइटचे चपटे, गुळगुळीत कण कागदाच्या तंतूंवर थर धरतात. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. द्रव कागदात मुरतो, उडून जातो आणि कण तंतूंमध्ये अडकून राहतात. मध्ये ग्रॅफाइटचा जाड थर असला की बरेच कण त्याच्यावरच थांबतात. मग खोडरबर ग्रॅफाइट उचलतो आणि त्याच्याबरोबर ते कणही जातात. भिंगाखाली पाहिलंत तर बऱ्याचदा असं दिसेल की रेघेच्या दोन्ही कडा शाबूत आहेत आणि मधला, पेन्सिलीवरचा पट्टा तेवढा फिका पडला आहे. जिथे तुम्ही पेन्सिल दोन-तीनदा गिरवली होती, तिथे हे सर्वांत जास्त.

म्हणून पेन्सिल शाईच्या आधी फिकी करायची. नीडेड रबर, म्हणजे बोटांनी मळता येणारा राखाडी रबर, घ्या. त्याची लांबट वळी करा आणि चित्रावरून हलक्या दाबाने लाटत न्या. घासायचं नाही. वळी काळी झाली की घडी घालून पुन्हा मळा, आतला स्वच्छ भाग वर येतो. नेहमीच्या अंतरावरून रेघ जेमतेम दिसली पाहिजे; शाई करताना डोळे थोडे बारीक करावे लागले तरी चालेल.

शाईनंतर किती थांबायचं, हे कागदावर आणि रेघेच्या जाडीवर आहे. शोषक कार्ट्रिज (रेखाटनाच्या जाडसर) कागदावर बारीक रेघ काही मिनिटांत हाताला लागेनाशी होते. गुळगुळीत ब्रिस्टलवर, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या जाड चित्रकागदावर, जाड रेघा किंवा भरलेला काळा भाग असेल तर सरळ रात्रभर ठेवा. मग मऊ पांढरा व्हिनाइल रबर, एकाच दिशेने. कागद रबराच्या अगदी जवळ दुसऱ्या हाताने दाबून धरा, नाहीतर घडी पडते. बॉलपेन पुसण्यासाठी येणारा खरखरीत रबर लांब ठेवा. त्यात घासणारी भुकटी असते आणि तो कागदाचा वरचा थरच खरवडतो. चुरा ब्रशने झाडा, तळहाताने नाही.

बिघडलेलं चित्र टाकून देऊ नका. खाली आता शिसं उरलेलं नाही, त्यामुळे फिक्या रेघा पुन्हा गिरवल्यात तर नीट बसतील.

प्रश्न: मग पेन्सिल कोणती वापरावी? मी २बी वापरते. कुणी म्हणतं ४एच वापर, कुणी निळी.

उत्तर: बी म्हणजे मऊ, एच म्हणजे कठीण. २बीने भरपूर शिसं सुटतं, आणि हाताखाली फासलंही जातं. ४एचचा त्रास उलटा आहे: शिसं कमी सुटतं, पण टोक कठीण असल्यामुळे कागदात चर पडते. ती चर पुसली जात नाही. नंतर तिथे छटा भरली की खोलगट भागात पेनाचं टोक पोचत नाही आणि पांढरी रेघ उमटते. एच किंवा एचबी, टोक केलेली, पेन्सिल जरा मागून धरून. मागून धरली की जोर आपोआप कमी होतो.

निळी पेन्सिल छपाईसाठी काढलेल्या चित्रांत उपयोगी आहे, कारण स्कॅन केल्यावर फिका निळा वेगळा काढता येतो. पण निळ्या पेन्सिली बहुधा मेणयुक्त असतात. मेणावर शाई टिकत नाही, थेंबाथेंबाने आक्रसते. निळी वापरायची तर ग्रॅफाइटपेक्षाही हलक्या हाताने. मूळ चित्रच भिंतीवर लावायचं असेल तर निळीच्या नादी लागू नका, ती पूर्ण पुसली जात नाही.

प्रश्न: पेनावरच्या आकड्यांचा अर्थ काय? ०५ लिहिलेलं पेन आणि दुसऱ्या कंपनीचं ०.५ यांची रेघ सारखी येत नाही. सुरुवातीला किती पेनं घ्यावीत?

उत्तर: सारखी येणारच नाही. सकुराच्या पिग्मा मायक्रॉनवर असतो तो क्रमांक, मिलिमीटर नव्हे. ००३ म्हणजे ०.१५ मिमी, ००५ म्हणजे ०.२०, ०१ म्हणजे ०.२५, ०२ म्हणजे ०.३०, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५०. स्टेडलरच्या पिगमेंट लायनरवर जाडी थेट मिलिमीटरमध्ये असते. फेबर-कास्टेलच्या पिट पेनांवर अक्षरं असतात: एक्सएस ०.१, एस ०.३, एफ ०.५, एम ०.७. शिवाय हे सगळे आकडे चांगल्या, कमी शोषणाऱ्या कागदावरचे धरून चाला. शोषक कागदावर तेच पेन जाड रेघ देतं. म्हणून ज्या कागदावर चित्र आहे त्याच कागदाच्या तुकड्यावर प्रत्येक पेनाची एक रेघ ओढून तो तुकडा जवळ ठेवा.

तीन पेनं पुरेत: ००५, ०२ आणि ०५. ०.२०, ०.३०, ०.४५, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या दीडपट. एवढा फरक असला तरच डोळ्याला तो जाणवतो. तांत्रिक आरेखनाच्या पेनांची मालिकाही ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशी साधारण १.४ पटींनी चढते, ती उगाच नाही. ०३ आणि ०४ शेजारी ठेवून चित्रात कुणालाही वेगळी ओळखता येत नाहीत. बारा पेनांचा संच घेतला की अशी बरीच पेनं नुसती पडून राहतात.

प्रश्न: ००५चं नवं पेन एका चित्रात बाद झालं. टोक आत गेलं, रेघ जाड आणि तुटक येते. आत शाई आहे, हलवलं की जाणवतं. काही करता येईल?

उत्तर: आत गेलेलं टोक बाहेर येत नाही. चिमट्याने ओढलंत तर निघून हातात येईल. ते पेन खडबडीत पोत, गवत, सालीच्या रेघा यांसाठी बाजूला ठेवा. अर्धवट चालणाऱ्या पेनाची कोरडी, तुटक रेघ अशा ठिकाणी मुद्दाम आणायची म्हटली तरी येत नाही.

पुढचं पेन वाचवायचं तर टोकाची रचना समजून घ्या. धातूच्या बारीक नळीत प्लास्टिकचा त्याहून बारीक दांडा, त्याच्यातून केशाकर्षणाने शाई खाली येते. ००५मध्ये नळीबाहेर डोकावणारा दांडा इतका थोडा असतो की बॉलपेनच्या सवयीने दाबलं की संपलंच. बॉलपेनला गोळी फिरवायला दाब लागतो. इथे टोक कागदाला नुसतं टेकलं तरी शाई उतरते. पेनाचं वजन पुरे. धरायचं ६० ते ९० अंशांत, बरंच उभं. लिहिताना धरतो तसं आडवं धरलं तर नळीची कड कागदाला घासते, बारीक खरखर ऐकू येते आणि टोक एका बाजूने झिजतं. ढकलण्यापेक्षा ओढा, ढकलताना टोक तंतूंत अडकतं.

दुसरं कारण पुन्हा शिसंच. जाड पेन्सिलीवरून पेन फिरलं की ग्रॅफाइट टोकाला चिकटतं आणि शाईची वाट बुजते. शाई आहे पण रेघ मध्येच सुटते, ही त्याची खूण. स्वच्छ कागदावर गोल गोल फिरवून पाहा; नाही जमलं तर ओलसर कापडावर टोक क्षणभर टेकवा आणि पुन्हा फिरवा. खोडरबराचा चुरा, वाळलेला पांढरा रंग, रंगीत पेन्सिलीचं मेण, यांवरून पेन गेलं तरी हेच होतं.

खडबडीत, कोल्ड प्रेस्ड जलरंगाच्या कागदावर ००५ चालवू नका. प्रत्येक उंचवट्यावर टोक आपटतं. तिथे ०३च्या खाली जाण्यात अर्थ नाही. पेनं खूप लागत असतील तर कॉपिकच्या मल्टिलायनर एसपी मालिकेत टोक आणि शाईची नळी दोन्ही बदलता येतात. पेनं आडवी ठेवा, आणि झाकण ‘टक्‌’ वाजेपर्यंत लावा.

प्रश्न: एकाच कागदावर काही भागात रेघ स्वच्छ येते, काही भागात शाई फुटते. असं का?

उत्तर: जिथे फुटते तिथे तुम्ही बहुधा बराच खाडाखोड केली आहे. चांगल्या कागदाला खळ दिलेली असते. ती शाईला तंतूंच्या बाजूने धावू देत नाही. जोरात रबर घासला की खळीचा थर जातो, तंतू उभे राहतात आणि शाई त्यांच्या वाटेने पसरते. कागद तिरप्या उजेडात धरा, तो भाग लोकरी दिसेल. नखाच्या पाठीने किंवा चमच्याच्या पाठीने, मध्ये एक कोरा कागद ठेवून, तो घोटून घ्या. पूर्ण बरा होत नाही, पण सावरतो. तिथे बारीक पेन घ्या आणि हात न थांबवता रेघ ओढा, कारण पेन जिथे थबकतं तिथे ठिपका फुगतो.

सगळीकडेच फुटत असेल तर कागद बदला. छापखान्याचा किंवा झेरॉक्सचा ८० ग्रॅमचा (एका चौरस मीटर कागदाचं वजन) कागद सरावापुरता ठीक. शाईच्या पक्क्या चित्राला २०० ग्रॅमच्या पुढचा गुळगुळीत ब्रिस्टल किंवा हॉट प्रेस्ड जलरंगाचा कागद घ्या. खूप पुसापुशी करण्याची सवय असेल तर रेखाटन वेगळ्या कागदावर करून लाइटबॉक्सवर, म्हणजे आतून उजेड येणाऱ्या पाटीवर, ठेवा आणि शाई थेट वरच्या कोऱ्या कागदावर करा. रबर नाही, शिसं नाही, वरच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मात्र जाड कागदातून उजेड कमी येतो. ३०० ग्रॅमसाठी दिवा चांगला प्रखर हवा आणि खालचं रेखाटन गडद.

कागद चांगला आहे, रबरही लावला नाही, तरी मधूनच शाई धरत नाही? मग तो हाताचा तेलकटपणा आहे. तळहाताखाली कोरा कागद ठेवा.

प्रश्न: पट्टी लावून ओढलेली रेघ पट्टीखाली पसरते.

उत्तर: पट्टीची उतरती बाजू खाली करा, म्हणजे कड कागदापासून किंचित उचललेली राहील. टोक थेट कडेला लागलं की शाई पट्टी आणि कागद यांच्या फटीत ओढली जाते. सपाट पट्टी असेल तर खालून, कडेपासून थोडं आत, कागदी टेपचे दोन-तीन थर लावा. रेघ झाल्यावर पट्टी सरकवू नका, उचला. आणि कड मधूनमधून पुसा.

प्रश्न: शाई वॉटरप्रूफ आहे असं पेनावर लिहिलंय. जलरंग लावला तर काही ठिकाणी काळपट ओघळ आले. अल्कोहोल मार्करने तर जास्तच घाण झाली.

उत्तर: जलरोधक म्हणजे वाळल्यावर जलरोधक. ओघळ जाड रेघांपाशी, रेघा एकमेकींना छेदतात तिथे, काळ्या भरावापाशी आले असतील. तिथे शाईचा थर जाड असतो आणि आतून ओला राहतो. बारीक रेघांना अर्धा तास द्या, भराव असेल तर दुसऱ्या दिवशी रंगवा. पेन्सिल मात्र रंगाच्या आधीच पुसून घ्या. जलरंगात डिंक असतो, त्याखाली अडकलेली पेन्सिल नंतर निघत नाही.

अल्कोहोल मार्करचं गणित वेगळं आहे. शाई पाण्याला दाद देत नाही म्हणून अल्कोहोललाही देणार नाही असं नसतं; काही पेनांतला बांधणारा घटक अल्कोहोलमध्ये मऊ होतो. मग मार्करचं टोक काळं उचलतं आणि पुढच्या फिक्या रंगात फासतं. तुमचं पेन, तुमचा मार्कर, तुमचा कागद, या तिघांची तुकड्यावर परीक्षा घ्या: रेघ ओढा, दहा मिनिटांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा वरून फिका मार्कर फिरवा. दोन्ही वेळा फासलं तर क्रम उलटा करा, आधी मार्कर आणि मग शाई. जलरंगातही हा क्रम चालतो, फक्त कागद पूर्ण वाळायला हवा. बोटांची मागची बाजू टेकवून पाहा. गार लागला तर आत ओल आहे, आणि शाई फुटेल.

प्रश्न: पेन्सिलीत चित्र जिवंत दिसतं, शाई केली की सपाट होतं. शिवाय लांब रेघ थरथरते.

उत्तर: पेन्सिलीची रेघ दाबानुसार आपसूक गडद-फिकी होत जाते, फाइनलाइनर सगळीकडे एकच जाडी देतो. तो चढउतार तुम्हाला पेनं बदलून आणावा लागतो. पेन्सिलीच्या प्रत्येक रेघेवर इमानेइतबारे पेन फिरवलं तर चित्र सपाटच होणार. प्रकाशाकडच्या कडेला ००५, सावलीच्या कडेला ०५. वस्तू जमिनीला टेकते तिथे आणि एक वस्तू दुसरीच्या पुढे येते तिथे जाड. लांबच्या गोष्टी सगळ्या बारीक. शाई पुढच्या वस्तूपासून सुरू करा, मागच्या रेघा तिच्या कडेपर्यंत आणा आणि केसभर आधी थांबवा. ती पांढरी फट दोन वस्तूंना वेगळं करते. काही ठिकाणी, विशेषतः उजेडात, रेघ सोडूनच द्या. डोळा ती पुरी करतो.

हॅचिंगमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी समांतर रेघा ओढून छटा भरताना, ती गडद करायची तर रेघा जाड करण्याआधी दुसरा थर द्या, पहिल्याला काटकोनात नव्हे, २० ते ३० अंशांनी तिरपा. काटकोनातली जाळी चाळणीसारखी डोळ्यांत भरते. प्रत्येक रेघेच्या शेवटी पेन उचलत न्या. टेकवून थांबलात तर टोकाशी ठिपके येतात आणि सावलीची कड ठिपक्यांची माळ होते.

थरथर बोटांमुळे येते. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बोटं, त्यापुढे मनगट जागेवर न ठेवता कोपरापासून हात हलवा. कागद फिरवा, रेघ स्वतःकडे ओढली जाईल असा. नजर टोकावर नको, जिथे पोचायचं त्या बिंदूवर ठेवा. मध्येच थांबावं लागलं तर पुन्हा त्याच बिंदूवर टेकू नका. बारीक फट सोडून पुढे चला. जोड दिसतो, फट दिसत नाही.

प्रश्न: मी डावखुरा आहे, सगळं फासतं.

उत्तर: उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून डावीकडे आणि खाली या. हाताखाली कागद, आणि तो सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा.

प्रश्न: चुकीची रेघ गेली तर? पांढऱ्या जेल पेनने झाकून वरून शाई केली, तर पेनच बंद पडलं.

उत्तर: जेलच्या थरावर फाइनलाइनर चालवू नका, मऊ थर खरवडून टोकात भरतो. झाकून वरून पुन्हा रेघ हवी असेल तर पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) किंवा अ‍ॅक्रिलिक बारीक ब्रशने दोन पातळ थरांत लावा, पूर्ण वाळू द्या आणि वरची रेघ जुन्या, टाकाऊ पेनाने हलकी ओढा. २०० ग्रॅमच्या वरचा कागद असेल तर दुसरा मार्ग: शाई पूर्ण वाळल्यावर नव्या पात्याने, पातं जवळजवळ उभं धरून, हलकं खरवडायचं. रेघ एका फटक्यात नाही, वीस-तीस हलक्या फटक्यांत जाते. मग घोटा. त्या जागी पुन्हा शाई शक्यतो नकोच.

मोठा काळा भाग भरायलाही बारीक पेन वापरू नका. एकाच जागी ओल्यावर ओलं घासून कागदाचा लगदा निघतो. कडा ०५ने आखा, आतला भाग पिगमेंट ब्रश पेनने भरा.

प्रश्न: ‘आर्काइव्हल’ पेनाने काढलेलं चित्र खरंच टिकतं का?

उत्तर: काळी शाई टिकते. बहुतेक काळ्या पिगमेंट शायांमध्ये कार्बन ब्लॅक असतो आणि तो उजेडाने उडत नाही. रंगीत पेनांना तीच हमी लावू नका. रंगकणागणिक फरक पडतो, आणि डाय (द्रवात विरघळलेला रंग) वापरलेली स्वस्त रंगीत पेनं खिडकीजवळ लवकर फिकी पडतात. साधी परीक्षा: रेघांची पट्टी काढून अर्धी काळ्या कागदाने झाका, उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवा.

पण शाई टिकून कागद पिवळा, ठिसूळ झाला तर उपयोग काय? आम्लमुक्त कागद घ्या. आयएसओ ९७०६ हे टिकाऊ कागदाचं मानक आहे. त्यात कागदाचा पीएच ७.५ ते १० आणि आम्ल शोषण्यासाठी किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीसाठा मागितला आहे. फ्रेम करताना मागचा पुठ्ठाही आम्लमुक्त हवा.

प्रश्न: छपाईसाठी स्कॅन केलं की बारीक रेघा गायब होतात.

उत्तर: हिशोब करून पाहा. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) एक पिक्सेल ०.०८५ मिमीचा, ००५ची ०.२० मिमीची रेघ जेमतेम अडीच पिक्सेलांत बसते आणि काळं-पांढरं करताना तुटते. ६०० डीपीआयला तिला जवळजवळ पाच पिक्सेल मिळतात. ग्रेस्केलमध्ये (राखाडी छटांसह), ६०० किंवा जास्त डीपीआयने स्कॅन करा आणि काळ्या-पांढऱ्याची मर्यादा नंतर स्वतः ठरवा, स्कॅनरवर सोपवू नका. चित्र निम्म्या आकारात छापायचं असेल तर ०.२०ची रेघ ०.१० मिमी होते, म्हणजे छपाईत निभेल अशा रेघेच्या जवळजवळ तळाशी. अशा चित्रात ००३ वापरूच नका, आणि हॅचिंगच्या रेघांत एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर लहान झाल्यावर त्यांचा एकच काळा डाग होतो.